पोटावरच्या चार खुणा

"दारू किती घेतात?" वर्ध्याच्या डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि मी तडकले. म्हटलं, साहेब, दारूबंदीचा जिल्हा आपला, आणि माझ्या नवऱ्यानं चहाशिवाय कशाला तोंड लावलं नाही. मग ते म्हणाले, वर्निके एन्सेफॅलोपॅथी. म्हणजे अंगातलं बी-वन जीवनसत्त्व संपलं की मेंदूला होणारी इजा. बहुतेक वेळा दारुड्यांना होते. यांना उलट्यांनी झाली.

महिनाभर आधी यांचं पित्ताशय दुर्बिणीनं काढलं होतं. पोटाला चार छोटी छिद्रं, तिसऱ्या दिवशी आष्टीला घरी. मी गल्लीत पेढे वाटले. मग उलट्या सुरू झाल्या, पाणीसुद्धा ठरेना. ऑपरेशननंतर होतंच थोडं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

आमच्याकडे माणूस गळाला की सलाईन. बाटली चढली की ताकद आली. गावचे डॉक्टर म्हणत होते, वर्ध्याला दाखवून या. मीच हटून बसले, "बाटली लावून द्या, बाजाराच्या दिवशी यांले दुकानात बसाचं आहे." तीन आठवड्यांत ग्लुकोजच्या सात बाटल्या झाल्या.

सातव्या बाटलीनंतर हे म्हणाले, "तू मले दोन-दोन दिसून राह्यली." मी हसले. "एक सांभाळणं होत नाई, दोन काऊन पाह्यजे?" दुसऱ्या दिवशी हे भिंत धरून चालत होते. संध्याकाळी स्वतःचं कापडाचं दुकान कुठे आहे तेच सांगता येईना. तेव्हा कुठे मी वर्ध्याला नेलं.

"बी-वन नसताना नुसतं ग्लुकोज गेलं, की उरलंसुरलंही संपतं," वर्ध्याचे डॉक्टर म्हणाले. "आधी बी-वनचं इंजेक्शन हवं होतं." कोणाला दोष देऊ? बाटल्या मी मागितल्या होत्या. हे मला अजून गिळता येत नाही.

इंजेक्शनांनी नजर सुधारली, चाल सुधारली. मला ओळखतात, देवाचे उपकार. पण ऑपरेशनपासूनचं काही आठवत नाही, आणि नवीन काही टिकत नाही.

तुमच्या माणसाच्या उलट्या ऑपरेशननंतर थांबत नसतील, तर माझ्यासारखी बाटली मागू नका. मोठ्या दवाखान्यात न्या, आणि बी-वनचं स्वतःहून विचारा.

रोज सकाळी मी चहा देते. हे कप सरकवतात. "आज ऑपरेशन आहे ना माझं? उपाशी राह्याले सांगितलं डॉक्टरनं."

मी सदरा वर करून चार खुणा दाखवते. हे एकेकीवरून बोट फिरवतात. "झालं वाटते. मंग घरी कधी जाचं?"

"घरीच आहो आपण," मी म्हणते. चहा संपेपर्यंत तेवढं यांच्या लक्षात राहतं.