तोख्तासिन अकांचा अर्धा पियाला

पडदा सरकतो. समोर जुना चिनार. तिघांनी हातात हात धरले तरी त्याच्या खोडाला मिठी पुरत नाही. खाली झुळझुळता पाट, पाटावर आडव्या टाकलेल्या रुंद लाकडी बाजा, बाजांवर विटलेल्या गाद्या. फांदीला टांगलेल्या भोपळ्याच्या पिंजऱ्यात एक लावा पक्षी, आपणच मुख्य गायक असल्यासारखा, घसा साफ करतोय. डावीकडून वाफेचा लोट येतो, लोटामागे चहाचं पाणी उकळणारा समोवार दिसतो, आणि समोवारामागून प्रवेश करतात चहाखाना चालवणारे तोख्तासिन अका, म्हणजे मोहल्ल्याचे थोरले दादा. दोन हातांत दोन किटल्या, खांद्यावर फडका, डोक्यावर काळी-पांढरी टोपी आणि कानावर खडूचा तुकडा.

"अका, कानावर रैहानची काडी खोचतात, खडू नाही!" पहिल्या बाजेवरून हाकिमजान न्हावी ओरडला.

"रैहानचा वास येतो. खडूनं अक्कल येते," अका म्हणाले.

"साठाव्या वर्षी?"

"तुझ्या दुकानात येऊन केस गेले. आता अक्कल तरी येऊ दे."

बाजा हसल्या. अकाही हसले, पण किटली ठेवताना त्यांची नजर चिनाराच्या खोडाकडे गेली. तिथे मोहल्ल्याच्या पंचांनी चिकटवलेला कागद पंधरा दिवसांपासून फडफडत होता. नवा नियम आला होता: मोहल्ल्याची जागा चालवायची तर शाळेचा दाखला हवा. जूनअखेर दाखला नसेल, तर जागा दुसऱ्याला. दुसरा कोण, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. शवकतनं बिलियर्डच्या टेबलाची मापं घेऊन ठेवली होती. टेबल मावावं म्हणून चिनाराची एक फांदी तोडावी लागेल, असंही तो बोलून गेला होता. लाव्याचा पिंजरा त्याच फांदीला होता.

अकांकडे दाखला नव्हता, आणि त्याचं कारण एका चिन्हाएवढं होतं.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी आठवीच्या परीक्षेत ते सगळ्या विषयांत पास झाले होते. भूगोलात तर पाच, म्हणजे पैकीच्या पैकी. बीजगणितात मात्र फळ्यावर एक असमानता सोडवायची होती. त्यांनी ती सोडवली, मधल्या चिन्हाचं तोंड उलट्या बाजूला करून, आणि दोनचा आकडा घेऊन घरी आले. दोन म्हणजे नापास. फेरपरीक्षा शरदात होती, आणि शरदात सगळी शाळा कापूस वेचायला शेतात. शेतातून परत आले तेव्हा वडिलांची कंबर धरली होती. "चार दिवस समोवार सांभाळ," वडील म्हणाले. ते चार दिवस अजून संपायचे होते.

चहाच्या कामात मात्र हा माणूस पहिल्या दिवसापासून पारंगत. कोणाला कडक, कोणाला कोवळा, कोणाच्या बशीत खडीसाखरेचे दोन खडे, कोणाला साखर दाखवायचीही नाही, सगळं तोंडपाठ. किटलीत पत्ती टाकून पाणी ओतलं की पहिला पियाला भरायचा, परत किटलीत ओतायचा, असं तीनदा. त्याशिवाय त्यांनी कोणाला चहा दिला नाही. गाडी चुकत असली तरी नाही. आणि पाहुण्याला पियाला कधी भरून दिला नाही. तळाशी दोन बोटं चहा, उजव्या हातानं, डावा हात छातीवर. तो संपला की पुन्हा दोन बोटं. पियाला काठोकाठ भरून दिला, म्हणजे 'प्या आणि चालू लागा'. साऱ्या आयुष्यात अकांनी असा भरलेला पियाला दोघांनाच दिला होता. एक लावे चोरणारा होता आणि दुसरा त्यांचा साडू.

घरी सालोमत आपांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, कागदाची बातमी ऐकून कणीक मळता मळता निकाल दिला होता. "अहो, संध्याकाळच्या शाळेत नाव घाला. नाहीतर शवकतच्या टेबलावर चेंडू गोळा करायला उभे राहा. पाठ वाकवायची सवय आहेच."

"हसतील लोक."

"आत्ता काय रडतायत?"

म्हणून अकांनी नाव घातलं. शिकवायला होती नझोकत, सत्तावीस वर्षांची. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून याच चहाखान्यात खडीसाखर खाल्लेली. वर्गात ती मुअल्लिमा, म्हणजे शिक्षिका, बाहेर पोरगी. वर्ग सुटला की ती चहाखान्यातही येऊन शिकवायची. अकांना हे दोन्ही एकदम जमायचं.

"बस, पोरी, दमली असशील. मुअल्लिमा, हा क्ष म्हणजे नक्की कोण?"

"ज्याची किंमत आपल्याला ठाऊक नाही तो, अका."

"मग त्याला पाहुणा म्हणायचं की चोर?"

नझोकतनं थोडा विचार केला. समोरच्या बाजेवरच्या तीन किटल्या तिनं झाकणासकट एका बाजूला सरकवल्या. "झाकलेली किटली म्हणा. आत किती पियाले चहा आहे ते माहीत नाही, पण तिन्हींत सारखाच. झाकण उघडायचं नाही. तीन किटल्या आणि वर चार भरलेले पियाले मिळून होतात एकोणीस. एका किटलीत किती?"

अकांनी दोन्हीकडून चार पियाले उचलल्याचा अभिनय केला, उरलेल्या पंधरांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाच. हे बीजगणित आहे? हे तर मी रोज करतो!"

"मग पंचेचाळीस वर्षं काय करत होता?" हाकिमजान म्हणाला.

"रोज करत होतो. कोणी नाव सांगितलं नव्हतं."

आठवड्याभरात समीकरणं त्यांच्या हातात किटलीच्या कानासारखी बसली. समोवाराखालच्या फळीवर, बाजांच्या कडांवर, मापाच्या डब्यावर खडूनं क्ष उमटले. "एका बाजूला जे केलं ते दुसऱ्या बाजूला करायचं. मग काही बिघडत नाही," हा नियम त्यांना इतका आवडला की गिऱ्हाइकांच्या भांडणातही ते तोच लावू लागले. म्हाताऱ्या दोघा भावांपैकी एकाची उशी काढली, तर दुसऱ्याचीही काढली.

आणि मग आली असमानता. लहान-मोठ्याची. साधी होती तोवर ठीक. एके दिवशी नझोकतनं फळ्यावर उणे चिन्ह आणलं आणि म्हणाली, "दोन्ही बाजूंना उणे संख्येनं भागलं, की मधलं चिन्ह उलटं फिरवायचं."

"का?"

"नियम आहे, अका."

"दोन्हीकडे सारखंच केलं ना? मग मधला बिचारा का फिरतो? त्यानं काय केलं?"

तिनं जानेवारीतल्या थंडीचं उदाहरण दिलं: दोनपेक्षा पाच मोठा, पण उणे पाचपेक्षा उणे दोन उबदार. अकांनी मान डोलावली. "थंडीपुरतं मान्य." दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि त्यांनी चिन्ह सरळच ठेवलं. तिनं पाठ करायला सांगितलं. त्यांनी पाठ केलं, म्हणूनही दाखवलं, आणि फळ्यासमोर उभं राहिल्यावर हात पुन्हा जुन्याच वाटेनं गेला. आयुष्यात या माणसानं न पटलेली गोष्ट हातानं केली नव्हती. डोक्यानं करायची तर त्याहून अवघड.

"अका, पटत नसलं तरी फिरवा हो," नझोकत शेवटच्या दिवशी अगदी रडवेली झाली. "माझ्यासाठी फिरवा. ही फांदी तुटली तर मी कुठे बसू?"

"तुझ्यासाठी उद्या मी गाढवावर उलटा बसेन, पोरी. पण फळ्यापुढे हात माझं ऐकत नाही."

परीक्षेच्या सकाळी सालोमत आपांनी त्यांना नवी टोपी घातली, नानचा पहिला तुकडा तोडायला लावला आणि उरलेली नान फडक्यात गुंडाळून ठेवली. परत येऊन खायची म्हणून. "परत येताना तोंड लांब असेल तर मागच्या दारानं या," त्या म्हणाल्या. "पण याच."

शाळेत लांब टेबलामागे चौघं बसले होते. मधे मुनव्वर आपा, जिल्ह्याहून आलेल्या मुख्य परीक्षक. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, रस्त्याची धूळ अजून खांद्यावर असलेल्या. दोन बाजूंना दोन शिक्षक, टोकाला नझोकत. टेबलावर उपड्या चिठ्ठ्या. जी उचलाल तोच प्रश्न. अकांनी बिस्मिल्ला म्हणून एक उचलली.

पहिला प्रश्न समीकरण. खडू फळ्यावर नाचला, किटली उघडली, उत्तर बाहेर आलं. मुनव्वर आपांनी चष्म्यावरून पाहिलं. "छान. पुढचं."

पुढचं होतं: २० − ४क्ष > ८.

अकांनी दोन्हीकडून वीस काढले. −४क्ष > −१२. इथवर हात शांत. मग उणे चारनं भागायचं होतं. हात थांबला. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा फळा आणि हा फळा मधलं काही न ठेवता एकमेकांवर येऊन बसले. त्यांनी लिहिलं: क्ष, आणि पुढचं चिन्ह लिहायला खडू टेकवला. तो तिथेच टेकून राहिला. नझोकतनं डोळे मिटले.

तेवढ्यात दार उघडून शाळेचा पहारेकरी एर्गश चहा घेऊन आला. त्याच्या पुतण्याचं लग्न होतं, दुपारी बाराला पुलावाची कढई उतरणार होती, आणि हे परीक्षक उठल्याशिवाय त्याला शाळेला कुलूप लावता येत नव्हतं. त्यानं किटली टेबलावर ठेवली, चार पियाले मांडले आणि एकामागून एक, काठोकाठ, चारही भरले.

फळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीत जणू चटका बसला.

"एर्गश!"

"काय झालं?"

"काय झालं म्हणतोस? जिल्ह्याहून आलेल्या बाईंसमोर भरलेला पियाला?"

"तहान लागली असेल."

"तहान तुला पुलावाची लागलीय. सर तिकडे!"

खडू कानावर गेला, अका फळा सोडून टेबलाशी आले. कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी चारही पियाले परत किटलीत ओतले, किटली हलकेच फिरवली आणि पुन्हा ओतायला घेतलं: दोन बोटं, दोन बोटं, दोन बोटं, दोन बोटं. प्रत्येक वेळी डावा हात छातीवर.

मुनव्वर आपांना गंमत वाटली. "अका, मी साठ किलोमीटर धूळ खात आले. माझ्याच पियाल्यातला चहा काढून घेतलात?"

"काढून कुठे घेतला, आपा? किटलीत आहे, तुमच्याच नावानं. चौघं बसलाय. चौघांच्या पियाल्यात जास्त ओतला तर किटलीत काही राहत नाही, मग तुमची सरबराई कशानं करू? किटलीत जास्त राहायला हवा असेल, तर पियाल्यात कमी…"

ते बोलता बोलता थांबले. किटली हवेत होती. मान हळूहळू फळ्याकडे वळली, आणि वीस उणे चार क्ष तिथे जसेच्या तसे उभे होते.

"वीस पियाल्यांची किटली," अका स्वतःशीच पुटपुटले. "चौघं पाहुणे. प्रत्येकाला क्ष. आणि किटलीत आठपेक्षा जास्त उरायला हवेत." त्यांनी किटली टेबलावर ठेवली. "मग क्ष तीनपेक्षा कमीच असणार! फिरणारच तो! पाहुण्याच्या पियाल्यातून जातो ना, तिथे जास्तीचं कमी होतं. मी रोज फिरवतो याला! रोज!"

खडू कानावरून निघाला आणि फळ्यावर चिन्ह उमटलं, तोंड बरोबर बाजूला: क्ष < ३.

"ताळा?" मुनव्वर आपांचा आवाज कोरडा होता, पण चष्म्यामागे काही तरी हलत होतं.

"प्रत्येकाला दोन दिले तर आठ गेले, बारा उरले. आठपेक्षा जास्त. पाहुणे बसले. प्रत्येकाला चार दिले तर सोळा गेले, उरले चार. पाहुणे उठले आणि एर्गश लग्नाला गेला."

शेजारचा एक शिक्षक खोकल्याच्या निमित्तानं हसला. नझोकत निमित्ताशिवाय हसत होती आणि डोळे पुसत होती. मुनव्वर आपांनी कागद पुढे ओढला आणि ठळक अक्षरात एक आकडा लिहिला. चार.

"पाच दिले असते," त्या म्हणाल्या, "पण परीक्षा चालू असताना जागा सोडलीत. आणि पहारेकऱ्यावर ओरडलात."

"चार पुष्कळ झाले, आपा." अका म्हणाले. त्यांनी तो कागद दोन्ही हातांनी धरून पाहिला. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. तिथून चिनाराचा शेंडा दिसत होता. आता त्याची फांदी जागेवरच राहणार होती.

बाहेर बसचा भोंगा वाजला. एर्गशनं आशेनं दाराची कडी हातात धरली. मुनव्वर आपा पर्स उचलत उठू लागल्या आणि त्यांनी आपला रिकामा पियाला अकांपुढे धरला. "एक शेवटचा द्या. आणि आता खुशाल भरून द्या हो, निघायचंच आहे मला."

अकांनी किटली उचलली, दोन बोटं चहा ओतला, डावा हात छातीवर ठेवला आणि म्हणाले, "भरून नाही देणार, आपा. हा चारचा आकडा माझ्याकडे पंचेचाळीस वर्षांनी पाहुणा आलाय, त्याला एवढ्यात उठवू नका."