अप्पांची भोपाळची बदली

मंडळी, आज आमच्या उज्जैनच्या वृद्धाश्रमात मी वादात हरलो, आणि फार बरं वाटलं.

नव्वदीतले अप्पा तीन दिवस धड जेवत नव्हते. त्यांच्या मनात १९५६ साल चालू होतं: मध्यभारत राज्य जाऊन मध्यप्रदेश झालाय, ऑफिस भोपाळला हललंय, जेवत बसलो तर गाडी चुकेल, हा त्यांचा हट्ट. मी संस्कृतचा मास्तर. आज साल कोणतं ते रोज सप्रमाण पटवायचो.

आज नर्सबाई म्हणाल्या, "माटसाब, शास्त्रार्थ छोडो, टिफिन बांधो!" स्वयंपाकीणबाईंनी पुरी-भाजी भरली, चौकीदाराने बॅग उचलली. आम्ही सगळे अप्पांना अंगणातल्या बाकापर्यंत सोडायला गेलो.

बसताच अप्पांनी डबा उघडला. तीन पुऱ्या खाल्ल्या, चौथी माझ्यापुढे धरली. "घ्या मास्तर, भोपाळ अजून लांब आहे."

मी ती घेतली आणि खाल्ली. तुमच्या घरच्या अप्पांना तुम्ही कुठवर सोडायला जाता?