मास्तरांची उलटी वही

ही हकीकत मी कित्येक वर्षं टाळली. विषय निघाला की उठून पाणी प्यायला जायचो. आता लिहून टाकतो.

आमच्या नेरुळच्या सोसायटीत केनियातल्या मोम्बासाकडचे एक मास्तर भाड्याने राहत. बायकोच्या किडनीच्या उपचारांसाठी आले होते. लिफ्टमध्ये कुणी त्यांच्या पायावर पाय दिला, तरी छातीवर हात ठेवून तेच म्हणत, "समाहानी." म्हणजे माफ करा.

पार्किंगमधल्या बाकावर बसून ते रोज वहीत लिहीत, उजवीकडून डावीकडे. मी सेक्रेटरी, विचारलंच. हसून म्हणाले, "हेरुफी अरब का, साहेब. बोली हमारा माँ का." म्हणजे अक्षरं अरबी, भाषा स्वाहिली. शाळेत ते ती इंग्रजी अक्षरांतच शिकवत; पण सासूबाईंना फक्त जुनी अरबी अक्षरं वाचता येत. बायकोचं वजन, डायलिसिसच्या वेळा, औषधं, सगळं त्यांच्यासाठी लिहून मास्तर पानांचे फोटो पाठवत. एक पान त्यांनी मला वाचून दाखवलं. मधेच 'चाय', मधेच 'दवा'. मी चमकलो. मास्तर म्हणाले, "देखा? तुम्हारा भी घर है इसमें."

एकदा वही बाकावर राहिली. दुपारपर्यंत पानांचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर. कमिटीतला एक जण म्हणाला, "काका, उर्दूत नुसत्या वेळा न् आकडे लिहिलेत. पोलिसांत देऊन टाका ना. का तुम्हालाच पुळका आलाय त्याचा?"

सगळे हसले. वही मीच चौकीत नेऊन दिली. हवालदाराने विचारलं, "काय लिहिलंय, माहितीये?"

"नाही बुवा," मी म्हणालो.

मास्तरांना दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं. त्यातच डायलिसिसची पाळी चुकली. दुसऱ्या दिवशी त्यांची बायको भिंत धरत धरत माझ्या दाराशी आली. "दवा... दवा..." तिचा तेवढा एक शब्द मला कळत होता. मी आतून कडी काढली नाही.

मास्तर सुटून आले तेव्हा शेजाऱ्यांनी तिला हॉस्पिटलात नेलं होतं. दोन दिवसांनी ती गेली.

ते निघाले त्या सकाळी मी गेटपाशी उभा होतो. काय बोलायचं ते घोकून आलो होतो. टॅक्सीकडे जाताना त्यांच्या बॅगेचं चाक माझ्या पायावरून गेलं. ते थांबले. छातीवर हात ठेवून म्हणाले, "समाहानी, साहेब."

मी तोच शब्द घोकून आलो होतो. मी फक्त पाय मागे घेतला.