चौदा जीबीचा हिशोब लागेना

२१४ शेतकऱ्यांच्या तक्रारी एका दिवसात नाहीशा झाल्या, ती घटना मी विसरलेलो नाही. सोमवार होता. डोणगाव भागातल्या एका शेतकरी संस्थेच्या खोलीत मी, माझे हवालदार, दोन पंच आणि संस्थेचे व्यवस्थापक हजर होतो.

त्या वर्षी बीटी कपाशीवर बोंडअळी पडली होती. बियाण्याविरुद्धच्या तक्रारी, पाहणी अहवाल, किडक्या बोंडांचे फोटो, सारे संस्थेच्या सर्व्हरवर होते. गुरुवारी बुलढाण्याला या तक्रारींची सुनावणी होती. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या. पुन्हा पाहणी करायला शेतात काही उरले नव्हते.

व्यवस्थापकांनी संशय संस्थेच्या कम्प्युटर ऑपरेटरवर घेतला. सर्व्हरच्याच कपाटात ठेवलेली बॅकअपची डिस्कही त्यानेच नेली, असे ते म्हणाले. मी त्याला ठाण्यात बोलावून दीड दिवस विचारपूस केली. तो एकच सांगे, "साहेब, पुसाचंच असतं तर म्या रोज लिहून काऊन ठेवलं असतं?" मी त्या वाक्याकडे लक्ष दिले नाही. ती माझी चूक.

मंगळवारी दुपारी संस्थेचा मापाडी ठाण्यात आला. "त्याची वही पाह्यली का साहेब? आमी सांजच्याले काटा जुळवतो, तसा तो कम्प्युटर जुळवते. आमी हासतो त्याले."

वही संस्थेच्या कपाटात सापडली. एका सर्व्हरचे चार स्वतंत्र भाग केले होते. ऑपरेटर त्यांना कंटेनर म्हणे. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या क्रमांकाच्या फोल्डरात असत आणि प्रत्येकाने किती जागा घेतली ते तो रोज लिही. तक्रारींच्या कंटेनरपुढे शेवटचा आकडा होता चौदा जीबी.

ऑपरेटरला पंचांसमक्ष सर्व्हरपुढे बसवले. यादीत तीनच कंटेनर दिसत होते. त्यांची बेरीज त्रेपन्न, मूळ प्रणालीचे सहा, एकूण एकोणसाठ. डिस्कवर मात्र त्र्याहत्तर भरलेले. मी दोनदा बेरीज केली. फरक चौदाचाच.

"पुसलं असतं तर जागा मोकळी झाली असती ना?" मी विचारले.

"हाव साहेब," तो म्हणाला. म्हणजे तक्रारी अजून डिस्कवरच कुठेतरी होत्या.

व्यवस्थापकांना पुन्हा बसवले. ते बियाणे विकणारे दुकान त्यांच्या मेहुण्याचे होते. बॅकअपची डिस्क त्यांच्या घरी निघाली, कोरी केलेली. मग मेहकरच्या एका कम्प्युटरवाल्याचे नाव आले. त्याने जबाबात सांगितले, "त्यायनं पुसून टाक म्हटलं. म्या यादीतून काढलं अन् फोल्डर नाव बदलून दुसरीकडं ठेवलं. माह्या बापाची तक्रारबी त्यातच होती, साहेब."

ऑपरेटरने फोल्डर जागेवर आणून कंटेनर सुरू केला. आम्ही तक्रारी मोजल्या. २१४. त्याच दिवशी दोन प्रती काढल्या. एक संस्थेत, एक सीलबंद करून ठाण्याच्या मुद्देमालात. गुरुवारी त्याच तक्रारी बुलढाण्याच्या सुनावणीत मांडल्या गेल्या.

चोरी शोधताना मी नेहमी काय गेले ते विचारत असे. त्या दिवसापासून काय उरले तेही मोजू लागलो. आणि मूळ नोंदी आणि त्यांची राखण करणारी प्रत एकाच कपाटात ठेवू नये, हेही शिकलो.

पुढच्या हंगामापूर्वी बियाण्याची किंमत २१४ जणांना परत मिळाली. मेहकरच्या त्या कम्प्युटरवाल्याच्या म्हाताऱ्या वडिलांनाही, मुलाच्या हातून नव्हे, स्वतः अंगठा लावून. ऑपरेटरचा संशयापायी अडवलेला एक महिन्याचा पगार संस्थेने पूर्ण दिला. वाटपाची नोंद त्यानेच केली आणि पगारापुढे आपले नाव सर्वांत शेवटी लिहिले.