दोन दिवसांची रेघ

शेअर दलालाच्या कचेरीत सगळे त्यांना पट्टीकाका म्हणत. भावांचे आलेख काढायचं काम कॉम्प्युटरने कधीच अंगावर घेतलं होतं, पण काकांनी आपला चौकटीचा कागद, पट्टी आणि पेन्सिल काही सोडली नव्हती. रोज बाजार बंद झाला की दिवसाचा सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा भाव घ्यायचा. बाजार चढता तर रेघ वर, उतरता तर खाली. मात्र रेघेची दिशा बदलायची ती दोन दिवसांनी तसा कौल दिल्यावरच. एखाद्या दिवसाचे दोन्ही भाव आदल्या दिवसाच्या पोटातच राहिले, तर तो दिवस जमेस धरायचा नाही.

पोरं थट्टा करत, "काका, तुमची रेघ वळेपर्यंत गाडी पुढच्या स्टेशनात गेलेली असते."

"जाऊ दे की. चुकीच्या गाडीत तर बसत नाही ना मी?" काका म्हणत. आणि खरंच, या नियमाने मालकांचे हात कितीदा तरी पोळता पोळता वाचले होते.

बायको न्यूमोनियाने अंथरुणाला खिळली तेव्हा काकांनी रजा टाकली. घरी ठेवलेल्या नर्सबाई ताप मोजत आणि काका दिवसातला जास्तीत जास्त व कमीत कमी ताप घेऊन रेघ ओढत. कोणी सांगितलं नव्हतं. हाताला दुसरं काही सुचत नव्हतं, इतकंच. आठवडाभर रेघ उतरत होती. परगावी नव्या नोकरीत अडकलेली मुलगी रोज फोनवर विचारी, निघू का? ताप उलटला की लगेच कळवतो, असं काकांनी तिला कबूल केलं होतं.

मग एक दिवस ताप आदल्या दिवसाहून वर गेला. नर्सबाईंनी त्यांना दाराशी बोलावलं.

"काका, मुलीला बोलावून घ्या. मला लक्षण बरं दिसत नाही."

"एकच दिवस झालाय," काका म्हणाले. "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी ताप कालच्यापेक्षा वरही गेला नाही, खालीही उतरला नाही. पोटातला दिवस. काकांनी तो सोडून दिला. मुलीचा फोन आला तेव्हा त्यांनी अजून तसं काही नाही म्हणून सांगितलं, आणि त्यांच्या हिशेबी ते खोटं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळीच ताप भडकला. काकांनी आधी रेघ वळवली, मग फोन लावला. मुलगी मिळेल त्या गाडीने निघाली. ती दारात आली तेव्हा खाटेवरची चादरसुद्धा काढलेली होती.

ती भांडली नाही. टेबलावरचा कागद पाहून हे काय, एवढंच तिने विचारलं. नव्या कारकुनाला समजवावं तसा काकांनी तिला नियम समजावला, पोटातल्या दिवसासकट. आवाज कुठे अडखळला नाही. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आई काही म्हणाली का?"

"तू कधी येतेस, विचारत होती."

"मग तुम्ही काय सांगितलंत, बाबा?"

"उद्या बघू म्हटलं."

मुलगी चहा घेणार का म्हणाली. काकांनी मान हलवली. हो की नाही, ते काही तिला कळलं नाही. तिने दोन कप पाणी ठेवलं.