कॅसेटीतला राजवाडा

माझी नात बेळगावात इतिहासाचं एम.ए. करते. सौदीच्या राज्याचा अलीकडचा इतिहास, असा विषय तिनं पेपरासाठी घेतला तेव्हा मीच म्हणालो होतो, पुस्तकं कशाला चाळतेस, मी अकरा वर्षं काढलीत तिथं. माझं शिक्षण चौथी. तरी आपलं नाव विद्यापीठात जाणार, हे मी आमच्या कंग्राळीच्या बसस्टॉपपर्यंत सगळ्यांना सांगून आलो.

मग तिनं माळ्यावरची ट्रंक उघडून माझ्या जुन्या कॅसेटी काढल्या. त्या वेळी मला धड लिहायला यायचं नाही आणि घरात वाचणारं कोणी नव्हतं. म्हणून टेपरेकॉर्डरवर बोलायचं आणि सुट्टीवर निघालेल्या माणसाकडं कॅसेट द्यायची. गावात टेप कट्ट्यावर ठेवायचे आणि सगळी गल्ली चहा पीत ऐकायची. हे ठाऊक असलेला माणूस काय बोलणार? राजाच्या वाड्याचं काम माझ्या हाताखाली चाललंय, संगमरवर बसवतोय, खुद्द राजा पाठ थोपटून गेला, असं मी बोललो होतो.

राजवाडा मी बघितलेलाच नाही. मी चर खणून गटारीचे पाइप पुरत होतो.

नातीनं कॅसेटी मोबाइलवर उतरवून घेतल्या आणि पेपरातला तो भाग मला मराठीत करून वाचून दाखवला. सगळ्यात चांगला भाग तोच, म्हणाली. सोमवारी वर्गात वाचायचा होता. मी ‘झकास’ म्हणून उठलो, आणि मग कुठं बूड टेकवेना. शेताकडं गेलो, बांधावरूनच परत फिरलो. खाट सावलीत ओढली, पुन्हा उन्हात ओढली. बायको म्हणाली, मुंग्या लागल्यात काय अंगाला. एखाद्या शिकलेल्यानं विचारलं, कुठला वाडा, कुठलं साल, तर पोरगी काय सांगणार? आणि खरं बोलावं, तर गल्लीत इतकी वर्षं ताठ मानेनं फिरलो त्याचं काय?

शनिवारी तिला म्हणालो, ते वाड्याचं काढून टाक. ती हसली.

“आज्जा, तुम्ही आता विसरलासा. सर म्हणतात, आठवणीपेक्षा त्या काळचा पुरावा पक्का.”

मला लई राग आला. खोटं बोललो ते सगळ्यांनी मानलं, आणि आता खरं सांगतोय तर घरचंच पोर पुरावा दाखवतंय.

“त्या पुराव्यात बोलतोय कोण? मीच न्हवं? खोटं बोललाय त्यो. मी वळखतो त्याला.”

मग मी कट्ट्याचं सांगितलं, सगळी गल्ली ऐकणार म्हणून कशी फुशारकी मारली ते. तिनं आवाज नको म्हणून फॅन बंद केला आणि मोबाइल रेकॉर्डिंगला लावून माझ्यापुढं ठेवला. खणलेली वाळू पुन्हा चरात कशी ढासळायची, तापलेला पाइप उचलताना खांद्यावर ओलं पोतं कसं टाकायचो, त्या पाइपांवर आख्खी वसाहत उभी राहिली आणि तिथं पहिला नळ सुटला तेव्हा आम्ही पुढच्या चरात कसे होतो, सगळं सांगितलं. बायको दारात उभी राहून ऐकत होती.

नातीनं मोबाइल उचलला. म्हणाली, “नाव नको घालू? नुसतं ‘एक कामगार’ लिहिलं तरी चालतंय.”

“घाल,” मी म्हणालो. “बापाच्या नावासकट घाल.”