माझ्या बायकोला काचेत बसवणारा

बोलता बोलता तो सदऱ्याच्या टोकाने काच पुसायचा. कुणाचीही. पहिल्यांदा आमच्याकडे पाणी प्यायला आला, तर माझा चष्माच काढून पुसला. म्हणे, "काच स्वच्छ पाहिजे बाबा, मग ती ऐकते."

असला माणूस तुम्हीही पाहिला असेल. केसांचा बुचडा, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. आता कुठे असतो माहीत नाही. सुखात नसावा, एवढीच माझी इच्छा.

गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत, आमच्या घरासमोरचा बंद गाळा त्याने भाड्याने घेतला. कोऱ्या काचेवर चित्र उमटत नाही, उजेड आरपार जातो, म्हणून आतून दुधी कागद चिकटवला. आत काचेवर चित्र फेकणारं मशीन, वर रस्त्याकडे बघणारा कॅमेरा. रस्त्यावरून कुणी हात वर केला की काचेतलं मांजर डोळे उघडायचं. हात खाली, डोळे बंद. ह्याला तो कला म्हणायचा.

मी देवळाली कॅम्पात जन्मभर सुतारकाम केलं. म्हणालो, "ह्याच्यावर बसता येतं का झोपता येतं?"

"बघता येतं, बाबा."

हिला मात्र त्याची माया. रोज ताटलीत भात झाकून न्यायची. एकदा म्हणाली, "मांजर दाखवतो, मला दाखव की लेका."

त्याने तिला तांदूळ निवडायला बसवलं आणि मशीनमध्ये घेतलं. हात वर केला की ही मान वर करून बघायची. हात खाली आला की परत सुपात. मला म्हणाली, "अहो, मी काचेतच बरी. लोक हात करून बोलावत्यात तरी."

मग ती गेली. साधा ताप होता. दहाव्याला गंगेवर कावळा लगेच शिवला. म्हणजे तिचं मागे काही राहिलं नव्हतं, सुटली. घरी येऊन बघतो तर समोर काचेत ती बसलेली, आणि कॉलेजची पोरं हात वर करून ओरडतायत, "ए म्हातारे, वर बघ!"

मी त्याला म्हणालो, "बंद कर."

"असं काय करता बाबा? काकू आहेत म्हणून तर लोक येतात."

"ती मेलीय. कावळा शिवलाय. आता तरी बसू दे तिला गप."

त्याने काच पुसली. बंद काही केलं नाही.

तेव्हापासून देवापुढे दिवा लावून मी त्याचं वाईट मागितलं. मशीन जळू दे. हात झडू देत.

एका संध्याकाळी तो चहा आणायला गेला, गाळा उघडा टाकून. मी पटाशी घेऊन आत शिरलो आणि तो दुधी कागद खरवडून काढला. चिंध्या केल्या. बाहेर येऊन पाहिलं. काच रिकामी. पोटभर बरं वाटलं.

तो आला. हातात दोन कप, एक माझ्यासाठी. काचेकडे बघितलं, चिंध्यांकडे बघितलं. मग माझ्या मागे बघत म्हणाला, "बाबा, वळा."

उजेड काच ओलांडून पलीकडे गेला होता. आमच्याच घराच्या भिंतीवर ती. छपरापर्यंत मोठी, पुसट, सुपात मान घातलेली.

माझं डोकं फिरलं. त्याच्या मुस्काटात द्यायला हात उचलला, आणि भिंतीवर हिने मान वर केली. थेट माझ्याकडे. भांडताना बघायची तशी.

तो गाल पुढे करून, डोळे मिटून उभा. मारलं असतं तर हात खाली आला असता. खाली आला असता तर तिने परत सुपात मान घातली असती.

मी हात तसाच धरला. खांदा भरून आला.

"मारा ना, बाबा," तो म्हणाला.

"गप उभा राहा," मी म्हणालो.